आईला ट्युलिप दाखवायला न्यायचंय, नेमकं कधी जावं?

नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. आई पुढच्या वर्षी सत्तरीची होतेय. आयुष्यभर गॅलरीत तेलाच्या डब्यांत, फुटक्या बादलीत शेवंती नि गुलबक्षी लावत आली, तर तिला एकदा हॉलंडमधली क्युकेनहॉफ ही ट्युलिपची बाग दाखवायचीच असं ठरवलंय. गुडघे दुखतात, सलग अर्ध्या तासाच्या वर चालवत नाही. मार्चअखेरची विमानाची तिकिटं स्वस्त दिसतायत, चालेल का? की मे बरा? टूरबरोबर जावं की आपलं आपण?

मोगरावेणी: लायडनला राहते, बागेपासून बसने अर्ध्या तासावर, दरवर्षी एक तरी चक्कर होतेच. मार्चअखेर नका येऊ. बाग मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत जेमतेम आठ आठवडे उघडी असते, पण मार्चअखेर बाहेर क्रोकस नि डॅफोडिल, ट्युलिप बहुतेक काचघरातच. माझं मत विचाराल तर एप्रिलचा तिसरा आठवडा. थंडी किती लांबली यावर चार दिवस पुढेमागे होतं, तरी बागेत निराशा होत नाही कारण दर शरद ऋतूत ७० लाखांच्या आसपास कंद हातांनी लावतात आणि तेही एकाच खड्ड्यात थरांनी, उशिरा फुलणारा ट्युलिप सगळ्यात खाली, लवकरचा त्याच्या वर, क्रोकस अगदी वरती, म्हणजे एक बहर ओसरला की त्याच जागेतून दुसरा वर येतो. काकूंना हे नक्की सांगा, कुंड्या लावणाऱ्या माणसाला त्यातली मजा कळेल.

बाग ३२ हेक्टर आहे. व्हीलचेअर आधीच सांगून ठेवा, वाटा सपाट आहेत. तिकीट वेळेचा स्लॉट घेऊन ऑनलाइन काढायचं, मधला वार बघा आणि सकाळी उघडताच आत शिरा, अकराच्या पुढे टूरच्या बसेस येतात मग फोटोलाही जागा नसते. २७ एप्रिलला राजाचा वाढदिवस असतो, त्या दिवशी प्रवास टाळाच.

कोकणकडा: मेच्या बाबतीत आमचा अनुभव सांगतो. टूरवाल्याने १० मेला नेलं. बाग छानच होती, पण बाहेरची शेतं, ज्यांचे रंगीत पट्टे फोटोत बघून आम्ही पैसे भरले, ती नुसती हिरवी. बांधाला फुलांच्या मुंडक्यांचा ढीग, खालच्या पाकळ्या कुजून ओल्या झालेल्या, बायकोला तर रडूच आलं. मग कळलं की तिथला शेतकरी फुलासाठी नाही, कंदासाठी पीक घेतो, फूल खुडलं की ताकद कंदात उतरते. त्यामुळे ताई, शेतं बघायची असतील तर एप्रिलच.

धागा काढणारी: बापरे, बरं झालं विचारलं! मग एप्रिलच. पण शेतात सायकलने फिरतात ना? आईला ते जमणार नाही.

मोगरावेणी: सायकल नको. बागेतल्या पवनचक्कीपाशी बोट मिळते, विजेवर चालणारी, आवाज नाही, पाऊण तास कालव्यातून दोन्ही बाजूंच्या शेतांमधून नेते. बसल्या जागी सगळं दिसतं, आणि वारा आपल्या दिशेने असला की हायसिंथचा वास बोटीत येतो. शेतात मात्र पाय टाकू नका, एका माणसाच्या मागे दहा जातात आणि कंद तुडवले जातात. आपलं आपणच या, लायडनला राहा, इथून थेट बस आहे. इथल्या विद्यापीठाची जुनी बागही दाखवा, क्लुसियस नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १५९० च्या दशकात तिथे ट्युलिप लावले होते.

पुणेरी पगडी: व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, जानेवारीतच अपॉइंटमेंट घ्या. छत्रीपेक्षा टोपीवालं रेनजॅकेट, वाऱ्यात छत्री उलटते. गुडघ्यांना थंडी बाधते, काकूंना आतून थर्मल घाला.

धागा काढणारी: सगळ्यांचे मनापासून आभार. आईला थरांचं वाचून दाखवलं, तर ती उठून गॅलरीत गेली आणि निशिगंधाचे कंद किती खोल लावलेत ते बोटाने उकरून बघत बसलीय.