मदत हवी आहे: गिट असूनही दोन दिवसांचं लेआउट गायब! डिझाइन डेटा मॅनेजमेंटसाठी काय घ्यावं?

बाणेरचा_लेआउटवाला: मंडळी अर्जंट आहे. चिपमधल्या एका ब्लॉकचं राउटिंग (वायरींची जोडणी) दोन दिवस बसून केलं, सकाळी उघडतो तर सगळं जुनंच. टेपआउट, म्हणजे चिपचं फायनल डिझाइन कारखान्यात पाठवणं, १५ तारखेला. आम्ही सहा जण फाइलींच्या आवृत्त्या सांभाळायला गिट वापरतो, तरी हे असं. कुठलं फ्रेमवर्क चांगलं, पटकन सांगा, दुपारी साहेबांना सांगायचंय.

वीकेंड_टेपआउट: चिप डिझाइनच्या फाइली सांभाळणारं क्लिओसॉफ्टचं एसओएस घ्या, विषय संपला. चेकआउट केल्याशिवाय, म्हणजे आपल्या नावावर घेतल्याशिवाय, सेलला (डिझाइनच्या तुकड्याला) हातच लावता येत नाही. २०२३ पासून ते कीसाइट कंपनीकडे आहे.

कॅडवाली_ताई: थांबा हो, आधी विचारू तर द्या. टूल कुठलं? प्रत्येकाचा क्लोन (स्वतःची पूर्ण कॉपी) वेगळा की सगळे एकाच फोल्डरमध्ये?

बाणेरचा_लेआउटवाला: केडन्सचं व्हर्च्युओसो, अजून काय असणार. क्लोन वेगवेगळे. लॉक लागतो की पण, लॉकची फाइल दिसते ना.

कॅडवाली_ताई: अरे तो लॉक तुझ्या क्लोनपुरता. शेजारच्याच्या कॉपीत तीच सेल उघडीच आहे, त्याला तुझा लॉक दिसणार कुठून?

सिलिकॉन_सदाशिव: म्हणून म्हणतो मॅजिक हे फुकटचं लेआउट टूल वापरा. त्याची फाइल टेक्स्ट असते, काय बदललं तो डिफ दिसतो. गूगल आणि स्कायवॉटरने २०२० मध्ये १३० नॅनोमीटरचं पीडीके (चिप कारखान्याच्या नियमांचं डिझाइन किट) सुद्धा खुलं केलंय, फुकटात सगळं.

वीकेंड_टेपआउट: १५ ला टेपआउट असलेल्याला टूल बदलायला सांगतोय हा. धन्य! आणि टेक्स्ट मर्ज झालं म्हणजे डीआरसी (लेआउटच्या नियमांची तपासणी) क्लीन आलं का?

जुना_जाणता: हे रडगाणं जुनंच आहे. सगळ्यांची टूलं एकाच फ्रेमवर्कमध्ये बसावीत म्हणून १९८८ साली कॅड फ्रेमवर्क इनिशिएटिव्ह नावाची संस्था निघाली, तिचीच पुढे एसआयटू झाली. मग केडन्सने आपला डेटाबेस दिला, त्यातून ओपनअ‍ॅक्सेस आलं. डिझाइन साठवायचा हा सामायिक डेटाबेस, तुझ्या लेआउट डॉट ओए फाइलीतलं ओए ते हेच. तेव्हा आम्ही टेप घेऊन फिरायचो, असो.

फायनल_ईअर_ईअँडटीसी: सर पुण्यात व्हीएलएसआयचा (चिप डिझाइनचा) चांगला क्लास कुठला? फिजिकल डिझाइन करू की व्हेरिफिकेशन?

कॅडवाली_ताई: वेगळा धागा काढ बाळा. लेआउटवाले, पुश करताना (काम सर्व्हरवर चढवताना) नक्की काय केलंत ते सांगा.

बाणेरचा_लेआउटवाला: पुश रिजेक्ट झाला म्हणून पुल रिबेस केलं (सर्व्हरवरचं घेऊन त्यावर माझं बसवलं), कॉन्फ्लिक्ट आला, "अवर्स" घेतलं. माझंच तर होतं!

कॅडवाली_ताई: तिथेच घोळ. रिबेसमध्ये अवर्स म्हणजे सर्व्हरवरचं आणि थीअर्स म्हणजे तुझं, उलटं असतं. काम गेलेलं नाहीये, त्याच क्लोनमध्ये रीफ्लॉग (गिटची जुनी नोंदवही) बघ, रिबेसच्या आधीचा कमिट (जतन केलेली आवृत्ती) शोध आणि त्यातला लेआउट व्ह्यूचा अख्खा फोल्डर काढ, एकटी ओए फाइल नको. क्लोन डिलीट केला नाहीस ना?

बाणेरचा_लेआउटवाला: नाही, करणारच होतो 😅

कॅडवाली_ताई: नशीब! आणि आजच गिट एलएफएसमध्ये (मोठ्या फाइलींसाठीची गिटची जोड) ओए फाइलींना लॉकेबल लावा. मग लॉक घेईपर्यंत फाइल रीड ओन्लीच राहते, सर्व्हरवर कोणी घेतलाय तेही दिसतं. नवीन फ्रेमवर्क टेपआउटनंतर.

वीकेंड_टेपआउट: एलएफएस फाइल लॉक करतं, अख्खा सेलव्ह्यू (त्या फोल्डरमधल्या सगळ्या फाइली मिळून) नाही. मी तरी एसओएसच म्हणेन.

बाणेरचा_लेआउटवाला: मिळालं!! ताई, पार्टी लागू. एलव्हीएस (लेआउट सर्किटशी जुळतंय का ही तपासणी) लावलंय. साहेबांना सध्या रिबेसचं सांगत नाही.

फायनल_ईअर_ईअँडटीसी: सर क्लासचं?