गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पेनकिलर बंद, फक्त व्यायाम. यात चूक काय?

कृष्णाकाठ
आईचा उजवा गुडघा बदलला, आज अकरावा दिवस. वय ६८, बीपी आहे, शुगर नाही. सांगलीत घरीच आहे, फिजिओ रोज सकाळी येतात. परवापासून मी तिच्या गोळ्या बंद केल्यात आणि माझ्या मते ते बरोबर आहे. घरातले सगळे माझ्यावर उखडलेत, म्हणून इथे मांडते.

पहिले आठ दिवस आई आईसारखी नव्हतीच. ट्रामाडोल ही जोराची पेनकिलर घेतली की डोळे जड, अन्नावर वासना नाही, चार-चार दिवस पोट साफ नाही. एका रात्री दोन वाजता वॉकर न घेताच बाथरूमकडे निघाली. उंबऱ्याशी मी धरली म्हणून वाचली. त्याआधी ऑपरेशन टाळायला म्हणून सहा वर्षं मेडिकलमधून डायक्लोफेनॅक ही पेनकिलर आणून खात होती, त्यातून अल्सर झाला. हेच औषध दिलेल्या मेलेल्या गुरांचं मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. आपण मात्र ते चुरमुऱ्यासारखं खातो.

आता बर्फ, पाय उंच ठेवणं आणि व्यायाम एवढ्यावर भागलं पाहिजे. दुखलं की किती वाकवायचं ते कळतं. गोळीने ते कळणंच बंद होतं.

माळरान
ताई, तुमची काळजी समजते, पण आमच्या घरी याच हट्टाची किंमत मोजली आहे. बाबा ७१ वर्षांचे, तरुणपणी तालमीत घाम गाळलेला माणूस. गोळी घेणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. "सोसतो मी" म्हणायचे. आणि सोसलंही, पण व्यायाम न करता. फिजिओ आले की दोनदा पाय वाकवायचा, तिसऱ्यांदा त्यांचा हात धरून "आज राहू द्या". आम्हालाही बघवायचं नाही, आम्हीही म्हणायचो राहू द्या.

सहा आठवडे झाले तरी गुडघा ६५ अंशांच्या पुढे जाईना. शेवटी पुन्हा दवाखान्यात नेऊन, भूल देऊन डॉक्टरांनी तो वाकवला. त्यानंतर गोळ्या घ्याव्या लागल्याच, शिवाय पहिल्यापेक्षा जास्त.

देवराई
मी कृष्णाकाठ यांच्या बाजूने. आमच्या ह्यांची किडनी पेनकिलरनेच गेली असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. डायलिसिस नाही, पण किडनीसाठी रक्तातलं क्रिएटिनिन बघत जगणं काय असतं ते मला विचारा.

राग कशाचा येतो ते सांगते. डिस्चार्जच्या कागदावर सात औषधं, वेळेसकट, आणि खाली एक ओळ, "व्यायाम करावा". कुठला, किती वेळा, कसा? कुणी सांगितलं नाही. घरी फिजिओ आणायचे ते आमचे आम्ही, रोजचे पाचशे रुपये. गोळी स्वस्त आणि माणसाचा हात महाग, म्हणून गोळी देतात. अमेरिकेत या गोळ्यांनी लोकांना व्यसन लावून केवढा अनर्थ केला ते वाचलंय. इथे तसं व्हायची वाट बघायची का?

रानवारा
मी फिजिओ आहे, पुण्यात, चौदा वर्षं हेच काम. माझं पोट व्यायामावर चालतं, तरी या धाग्याच्या शीर्षकाशी मी सहमत नाही.

देवराई, कागदावरच्या त्या एका ओळीचा राग अगदी रास्त आहे. पण अमेरिकेत घडलं ते ऑक्सिकॉन्टिनसारख्या, अफूच्या जातीच्या गोळ्यांनी. ती १९९६ मध्ये बाजारात आली आणि साध्या दुखण्यालाही महिनोन्‌महिने लिहून दिली गेली. दोन आठवडे घेतलेली पॅरासिटामॉल त्याच तराजूत तोलू नका.

आता मुख्य मुद्दा, दुखलं की किती वाकवायचं ते कळतं हा. मुरगळलेल्या पायाला हे बऱ्यापैकी लागू आहे. ऑपरेशनच्या गुडघ्याला नाही. तिथे हाड कापलेलं असतं, टाके असतात, सूज असते. तो ठणका पहिल्याच अंशापासून "थांब" म्हणतो. त्याचं ऐकलं तर सांध्याभोवती व्रणाच्या ऊती घट्ट होत जातात आणि गुडघा आखडतो. पहिल्या दोन आठवड्यांत ९० अंशांच्या आसपास पोचावं असं आम्ही बघतो. खुर्चीतून हात न टेकता उठायला त्याच्याही थोडं पुढे जावं लागतं.

मी पेशंटना असं सांगतो: दहापैकी चार-पाच दुखलं तर चालू ठेवा, तासा-दोन तासांत उतरलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज वाढलेली दिसली तर आदल्या दिवशी जास्त झालं. गोळी घेऊनही हे सगळं नीट कळतं, कारण गोळीने दुखणं कमी होतं, नाहीसं होत नाही.

औषधाशिवायचे उपाय पोकळ आहेत असं मी म्हणत नाही. बर्फ कापडात गुंडाळून १५-२० मिनिटं, व्यायामानंतर. घोटा वरखाली करणं, टाच गादीवरून सरकवत गुडघा वाकवणं, मांडीचा स्नायू आवळून पाच मोजणं. त्वचेवरून सौम्य वीज देणारं टेन्सचं मशीनही थोडी मदत करतं. त्यामागचा विचार मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये मांडला: स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूतच दुखण्याची वाट अडवतात. लागलेल्या जागी आपण हात चोळतो तो त्यामुळेच. पण या सगळ्याने गोळ्या कमी होतात. अकराव्या दिवशी त्या सरसकट बंद करता येतात असं मी पाहिलेलं नाही.

एक विचारू? आई गुडघ्याखाली उशी घेतात का?

कृष्णाकाठ
हो, दिवसभर. त्याशिवाय तिला झोपच लागत नाही.

रानवारा
आजच काढा. उशीवर गुडघा अर्धवट वाकलेला राहतो, म्हणून बरं वाटतं. पण तो तसाच राहिला तर पाय सरळ होत नाही आणि चाल कायमची लंगडी होते. उशी घ्यायची तर टाचेखाली, गुडघा अधांतरी. हे दुखणार. म्हणूनच गोळी हवी.

अबोली
मी ३१ वर्षं सर्जिकल वॉर्डात सिस्टर होते. मत नंतर देते, आधी उत्तर द्या. गोळ्या बंद केल्या म्हणजे नक्की कुठल्या? त्यांत रक्त पातळ ठेवणारी, म्हणजे पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिलेली गोळी होती का?

देवराई
विषय भरकटवू नका ना ताई, दुखण्याचं चाललंय.

अबोली
भरकटवत नाही. घरचे लोक "गोळ्या" म्हणून सगळी पिशवी बाजूला ठेवतात, हे मी कितीदा पाहिलंय.

कृष्णाकाठ
आत्ता पिशवी पालथी केली. आहे. दोन दिवस दिलेली नाही. बीपीची चालू होती, ही मात्र पेनकिलरच्या पट्ट्यांबरोबर रबरबँड लावून कपाटात गेली. सर्जनना फोन लावते.

माळरान
आधी फोन करा, धागा नंतर.

कृष्णाकाठ
बोलले. लगेच सुरू करायला सांगितली, चुकलेल्यांच्या बदल्यात दुप्पट घ्यायची नाही. उद्या सकाळी तपासायला येणार आहेत. हात कापत होते टाइप करताना. अबोलीताई, तुम्ही विचारलं नसतं तर मला कळलंच नसतं.

अबोली
आता मत देते. अल्सर झालेल्या बाईला रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर डायक्लोफेनॅक नको, तुम्ही घाबरता ते योग्यच आहे. बीपीच्या औषधासोबत किडनीवरही भार येतो. ट्रामाडोलने चक्कर येत असेल तर तीही डॉक्टरांना सांगून थांबवता येते. पण पॅरासिटामॉल या सगळ्यांपासून वेगळी आहे. दिवसाला ४ ग्रॅमच्या वर जायचं नाही, या वयात त्याहून कमीच, किती ते डॉक्टर सांगतील. फिजिओ यायच्या पाऊण तास आधी द्या. तुम्ही गोळी आणि व्यायाम यांची भांडणं लावलीत, त्यात तुमची चूक एवढीच की सगळ्या गोळ्यांना एकच नाव दिलंत.

देवराई
पॅरासिटामॉलला माझाही विरोध नाही. पण मग कागदावर असं कोणी का लिहीत नाही? सात औषधांपैकी कुठलं कशासाठी, कुठलं बंद करता येतं आणि कुठलं अजिबात नाही?

अबोली
लिहायला हवं. याला माझ्याकडे उत्तर नाही.

कृष्णाकाठ
दोन दिवसांनी लिहिते. डॉक्टर येऊन गेले, पोटरी तपासली, ठीक आहे म्हणाले. पॅरासिटामॉल त्यांच्या सल्ल्याने साडेआठला, फिजिओ सव्वानऊला. आज ७६ अंश, परवा ७० होते. आई म्हणाली, "दुखतंय, पण जीव जात नाही." उशी काढली म्हणून मात्र दोन तास माझ्याशी बोलली नाही.

ट्रामाडोल मी परत सुरू करणार नाही, त्या बाबतीत माझं मत तेच आहे. डॉक्टरांनाही सांगितलं, ते हो म्हणाले.

देवराई
नका करू.

अबोली
चालेल. पण रोज संध्याकाळी दोन्ही पोटऱ्या हाताने चाचपून बघा. एकच पोटरी ताठ, गरम, दुखरी लागली तर व्यायाम थांबवून थेट दवाखाना. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी.