दोनच बंदुका ठेवता येतात, तर कोणत्या?

सड्यावरचा: "घरात पाच तरी हत्यारं हवीत: .22 रायफल, 12 बोअर, .308, 9 मिमी पिस्तूल आणि एक एआर." ही यादी काल आपल्या गटावर कुणीतरी चिकटवली, वर 'आपणही तयारीत असावं' असा सल्ला. अहो, ती टेक्सासची यादी! इथे 9 मिमी हा प्रतिबंधित बोअर (नळीचं माप), आणि एआर म्हणजे लष्करी धर्तीची रायफल, तिचं तर नावच काढू नका. 2019 च्या दुरुस्तीपासून एका परवानाधारकाला दोनच हत्यारं, आजोबांची वारसाने आलेली धरून. शिकार 1972 च्या वन्यजीव कायद्याने गेली. तेव्हा एक 12 बोअर डबल बार (दुनळी) शेतीत घुसणाऱ्या रानडुकरांसाठी, एक .32 रिव्हॉल्व्हर घरासाठी. विषय संपला.

ठासणीवाला: संपला म्हणे! शस्त्र कायद्याच्या कलम 13 मध्येच पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू-गोळी ठासून भरायच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे, तो दिसला नाही का? काडतुसांच्या दुकानासाठी जिल्ह्याच्या गावी खेटे घालायचे आणि परवान्यावर लिहिलेल्या आकड्यात वर्ष काढायचं, हे ज्याला परवडतं त्याने डबल बार मिरवावी. आणि रिव्हॉल्व्हर घेऊन डुकराला काय ओवाळणार?

बाराबोअर: ठासणीचा एकच बार. तो चुकला की जखमी डुक्कर तुमच्याकडे येतो, आणि तुम्ही दारू ठासायचा गज शोधत बसता. शिवाय काळ्या दारूची राख ओल ओढते. त्याच संध्याकाळी गरम पाण्याने नळी धुऊन, कोरडी करून तेल दिलं नाही, तर आठवड्यात आत खड्डे. निपल, म्हणजे केप बसते ती पोकळ तोटी, तुंबलं की केप (ठिणगी देणारी टोपी) फुटते, बार निघत नाही. अशा वेळी नळी सुरक्षित दिशेला धरून मिनिटभर थांबायचं असतं. लोक लगेच आत डोकावतात!

ठासणीवाला: हा माणसाचा दोष, बंदुकीचा नाही. खरा धोका तुम्ही सांगितलाच नाहीत. गोळी दारूवर टेकली नाही, मध्ये पोकळी राहिली, तर नळी तिथेच फुगते किंवा फाटते. उपाय साधा: दारू मापानेच, आणि भरलेल्या नळीत गज कुठवर जातो त्याची गजावरच खूण. खूण तोंडाच्या वर राहिली की समजायचं, गोळी बसली नाही. आता तुमच्या डबल बारचं बोला. बऱ्याच जुन्या विलायती नळ्यांचं चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, 65 मिमीचं. 70 मिमीचं काडतूस त्यात गुपचूप बसतं, कारण ते बंद असताना आखूड असतं. उडाल्यावर त्याचं तोंड पुढच्या निमुळत्या भागात उघडतं आणि दाब चढतो. बसलं म्हणजे चाललं असं नाही, साहेब.

बाराबोअर: हे मान्य. चेंबर मोजल्याशिवाय वारसाची बंदूक उडवू नये. तुमच्याकडून इतकं शहाणपण येईल असं वाटलं नव्हतं.

सड्यावरचा: एल.जी.बद्दल, म्हणजे मोठ्या छर्‍यांच्या काडतुसाबद्दल, कुणी का बोलत नाही? मोकळ्या, म्हणजे तोंडाशी न आवळलेल्या नळीतून 30 यार्डांवर छर्रे मीटरभर पसरतात. एल.जी.त मोठे दाणे मोजकेच, त्यातले डुकराला लागणार दोन-तीन. आधी वर्तमानपत्राचं जोडपान टांगून 20 आणि 30 यार्डांवर बार काढून बघा, मग पल्ला ठरवा. आणि कुणी .315 रायफल सुचवेल, तर तिची गोळी वाडीच्या पलीकडे जाते. मागे मातीचा बांध नसेल तर चापावर बोटसुद्धा नको.

काजूवाला: बोअर-चेंबर राहू दे, बंदूक घरात राहते कधी? 2024 ला लोकसभेची आचारसंहिता 16 मार्चला लागली, काजू-आंब्याच्या तोंडावर. विधानसभेची 15 ऑक्टोबरला, भात पिकलेला. दोन्ही वेळा फर्मान: बंदुका पोलिसांत जमा करा! डुकराला आचारसंहिता लागू नाही वाटतं.

शहरी: कुणाची बंदूक जमा करायची ते ठरवायला छाननी समिती असते. सरसकट जमा करायची नसते. आधीच अर्ज द्या.

काजूवाला: अर्ज देतो, उत्तर निकालानंतर येतं. बंदूक परत येते ती गंजलेली.

ठासणीवाला: जमा करण्याआधी नळीत तेलाचा हलका हात द्या, तोंडात चिंधीचा बोळा कोंबू नका, ओल तिथेच अडकते. पावतीवर नंबर आणि नळीची अवस्था लिहून घ्या. इतकं तरी करा, मग रडा.

काजूवाला: रडतो म्हणे! पावतीवर 'एक नग' याच्यापुढे कुणी शब्द लिहीत नाही.

शहरी: एअरगन कशी काय विसरलात? 4.5 मिमी आणि 20 ज्यूलच्या आतली असेल तर परवाना नको. दोनांत धरतही नाहीत. नेम बसवायला झकास.

बाराबोअर: नेम बसवायला ठीक. वानरावर उडवलीत तर वन्यजीव कायद्याखाली आत जाल. डुकरालासुद्धा वनखात्याची परवानगी लागते, आणि मारलेला डुक्कर सरकारी मालमत्ता. मटणाचा बेत आखणाऱ्यांनी हे वाचावं.

सड्यावरचा: बरं, माझी दुरुस्ती: पहिली 12 बोअर, चेंबर मोजून. दुसरी ज्याच्या त्याच्या मर्जीने.

ठासणीवाला: म्हणजे ठासणी. तोंडाने म्हणा की.