काउंटरवरून दोन मिनिटं उठा

ताण आला की सरळ सुट्टी टाका, असा सल्ला लोक देतात, तो चांगला आहे, पण पीककर्जाच्या दिवसांत आम्हाला ते जमत नाही. मी लातूरजवळ एका बँकेत काउंटरला बसते. जूनमध्ये सातबाऱ्याच्या घड्या उलगडत लोक पार दारापर्यंत उभे असतात, माझे खांदे आखडून जातात. मग पाणी प्यायला उठते. माठापाशी उभं राहून ४ अंक मोजत श्वास आत, ६ मोजत बाहेर, असं १० वेळा. श्वास सावकाश सोडला की छातीतली धडधड खरंच कमी होते. डबाही सगळ्यांसोबतच खाते. शेंगदाण्याची चटणी फिरते तेवढ्यात मन मोकळं होतं.

झोपच उडाली असेल तर मात्र अंगावर काढू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, २४ तास चालू, आणि मराठीतही बोलता येतं.