गूगलने लॉगिन बदललं की आपलं सगळं अ‍ॅप का हलावं?

टिळकवाडीकर

बेळगाव, निपाणी, खानापूर भागात दुकानदार, सोसायट्या, क्लासेस यांची अ‍ॅप्स करणारे बरेच जण इथे आहेत, म्हणून सरळ मुद्द्यावर येतो. गूगलच्या खात्याने लॉगिन करून आलेला माणूस आणि आपल्या अ‍ॅपमधला ग्राहक ही डेटाबेसमध्ये दोन वेगळी टेबलं हवीत. त्यांना जोडणारा कोड आपला हवा. पॅकेज (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) टाकलं की काम झालं, ही सवय मला पटत नाही.

मार्च 2019 मध्ये गूगल प्लस या गूगलच्या सोशल नेटवर्कचे एपीआय (अॅप्सनी माहिती विचारायचे पत्ते) बंद झाले तेव्हा काय झालं आठवा. लॅरावेल या पीएचपी फ्रेमवर्कचं सोशलाइट हे लॉगिन पॅकेज आतून त्याच पत्त्यावर माहिती विचारत होतं. पॅकेजवाल्यांनी पत्ता बदलला, ठीक. पण उत्तराचा साचाही बदलला. आधी ईमेल 'ईमेल्स' नावाच्या यादीतून काढावा लागायचा, नाव 'डिस्प्लेनेम'मध्ये असायचं आणि फोटो 'इमेज'च्या आत. नंतर 'नेम', 'पिक्चर', 'ईमेल' असं सरळ येऊ लागलं आणि खात्याचा आकडा 'आयडी'ऐवजी 'सब'मध्ये. ज्यांनी ते कच्चं उत्तर कंट्रोलरपासून (विनंती हाताळणाऱ्या कोडपासून) बिलाच्या पानापर्यंत फिरवलं होतं, त्यांना प्रत्येक फाइल उघडावी लागली. ज्यांनी दारातच ते आपल्या साच्यात घातलं होतं, त्यांनी एक फाइल बदलली.

मग 2023 च्या मार्चअखेर गूगलची जुनी जावास्क्रिप्ट साइन-इन लायब्ररीही कालबाह्य झाली. हे असंच चालू राहणार.

उद्यमबाग_पीएचपी

दादा, टेबलं वेगळी ठेवा इथपर्यंत मान्य. 'मधला कोड आपला' याला माझा ठाम विरोध आहे.

आपल्याकडे ऑफिस म्हणजे चार-पाच पोरं. त्यातली दोन वर्षभरात पुण्याला नाहीतर बेंगळुरूला जातात. गेलेल्या पोराने लिहिलेला ऑथ, म्हणजे लॉगिनचा कोड कुणी वाचायचा? स्टेट (लॉगिन आपणच सुरू केलं याची खूण) तपासायचं राहून जातं, टोकनची (गूगलने दिलेल्या ओळखीच्या पुराव्याची) सही तपासायची राहते, कॉलबॅकचा (माणूस परत आपल्याकडे यायचा) पत्ता अर्धवटच जुळवलेला असतो. पॅकेज हजारो लोक वापरतात, भोक सापडलं की कुणीतरी बोंब मारतोच. लॉगिन ही स्वतः घडवून बघण्याची जागा नव्हे. पॅकेज घ्या, वेळच्या वेळी अपग्रेड करा. ग्राहकाकडून वर्षाचा मेंटेनन्स घेता तो कशासाठी की?

टिळकवाडीकर

ओऑथ, म्हणजे गूगलशी लॉगिन जोडायची पद्धत, स्वतः लिहा असं मी म्हटलेलं नाही. सही, स्टेट, टोकनची देवाणघेवाण हे पॅकेजनेच करावं. माझा आग्रह त्यापुढच्या भागाचा आहे: आलेला माणूस आपल्याकडचा कोण, हे कशावरून ठरवायचं? इथे बहुतेक जण ईमेल जुळवून मोकळे होतात. गूगल स्वतः सांगतं की ओळख 'सब'वरून, म्हणजे खात्याच्या त्या आकड्यावरून ठेवा, ईमेलवरून नको. 2023 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या लॉगिनबाबत हेच उघड झालं. तिथे संस्थेचा अ‍ॅडमिन ईमेलच्या रकान्यात दुसऱ्याचा पत्ता घालू शकत होता, आणि ईमेलवर विसंबलेली अ‍ॅप्स त्याला दुसऱ्याच्या खात्यात घेत होती. पॅकेज अपग्रेड करून हे सुटत नाही. तो निर्णय आपला असतो.

खानापूर_रेल्स

दोघांनाही विचारते, पॅकेज स्वतःच बदलतं तेव्हा काय करता?

रेल्सवाल्यांचं लॉगिन पॅकेज ऑम्निऑथ, त्याचं 2.0 आलं 2021 मध्ये. लॉगिनची सुरुवात साध्या लिंकने होत होती ती डिफॉल्टने बंद झाली, पोस्ट (फॉर्मच्या बटणाने जाणारी विनंती) सक्तीची झाली. कारण योग्य होतं, त्या लिंकमधल्या धोक्याची नोंद 2015 पासूनची होती. पण 'गूगलने साइन इन करा' ही लिंक ज्यांच्या दहा पानांवर होती, त्यांची दहाही पानं मेली. गूगलने त्यात काहीच बदललं नव्हतं.

अ‍ॅपलचं तर वेगळंच. नाव आणि ईमेल मागितला तर अ‍ॅपल कॉलबॅक पोस्टने पाठवतं. 2020 पासून क्रोम कुकीला (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या खुणेला) आपोआप 'लॅक्स' धरू लागलं, आणि बाहेरून आलेल्या पोस्टबरोबर लॅक्स कुकी जात नाही. म्हणजे सेशन (चालू लॉगिनची तात्पुरती नोंद) रिकामं, स्टेट जुळत नाही, लॉगिन फसतं. ईमेल, पासवर्ड, सिक्रेट की, सगळं बरोबर असताना फसतं. हे शोधायचं तर ब्राउझरचा नेटवर्क टॅब उघडून कुकी कुठे गळाली ते बघावं लागतं. त्यामुळे पॅकेजच्या आत काय चालतं हे ऑफिसात निदान एकाला तरी कळलं पाहिजे. उद्यमबागवाल्या दादांचं 'टाका आणि अपग्रेड करा' इथे अडतं. आणि हो, अ‍ॅपल नाव फक्त पहिल्यांदा देतं. तेव्हा साठवलं नाही तर परत येत नाही.

उद्यमबाग_पीएचपी

ताई, कुकीचा मुद्दा बरोबर आहे, मान्य. पण तुमची दोन्ही उदाहरणं बघा की. ऑम्निऑथचा बदल सुरक्षेसाठी होता आणि मोठ्या व्हर्जनला आला, म्हणजे आधी सांगून. हाताने लिहिलेल्या कोडमध्ये ते भोक अजून उघडं असतं आणि कुणाला पत्ताही नसता. माझं मत तेच आहे.

वडगावचा

मी प्रोग्रामर नाही. घरचा साडीचा धंदा आहे, अ‍ॅप एका ऑफिसकडून करून घेतलं. आमच्याकडे ऑर्डर घेणाऱ्या विणकरांचं जीमेल मोबाइलच्या दुकानात फोन घेताना त्या पोराने काढून दिलेलं असतं. पासवर्ड त्या पोरालाच ठाऊक. फोन बदलला की नवं जीमेल, आणि आमच्या अ‍ॅपमध्ये नवा माणूस. मागची येणी-देणी जुन्या नावावर. तुमचं 'सब' काय नि ईमेल काय, दोन्ही गेलं. आम्हाला मोबाइल नंबर आणि ओटीपी पुरे.

आणखी एक. निपाणीच्या एका गिऱ्हाइकाचं नाव आमच्याकडे मराठीत नीट लिहिलेलं होतं. त्याने फोनमधलं नाव कन्नड लिपीत केलं, लॉगिन केलं, आणि पार्सलवरचं नावही बदललं. महाराष्ट्रात पोचवणाऱ्या कुरिअरच्या पोराला ते वाचता येईना.

टिळकवाडीकर

काका, हे नाव बदलणं पूर्णपणे टाळता येतं. प्रोफाइलचं नाव पहिल्या लॉगिनलाच घ्यायचं, पुढे ते ग्राहक स्वतः बदलेल तेव्हाच बदलायचं. आपल्या भागात एकाच घरात तीन लिप्या चालतात, म्हणून हे इथे जास्त जपायला हवं. तुमच्या ऑफिसला एवढं नक्की करायला सांगा.

खानापूर_रेल्स

ओटीपीबद्दल थोडं थांबा काका. बंद झालेला नंबर 90 दिवसांनंतर दुसऱ्याला मिळू शकतो, हे ट्राय या दूरसंचार नियामकानेच सुप्रीम कोर्टात सांगितलं आहे. रिचार्ज न केल्याने नंबर गेला की उद्या दुसराच माणूस ओटीपी टाकून त्या विणकराच्या हिशेबात शिरेल. शिवाय एसएमएससाठी डीएलटीवर (एसएमएस नोंदणीच्या यंत्रणेवर) हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि मजकूर नोंदवावा लागतो, शब्द बदलला की मेसेज अडतो. नंबर ठेवा, पण एकमेव किल्ली म्हणून नको. आपल्या टेबलात ग्राहकाचा स्वतःचा क्रमांक, त्याला नंबर जोडा, गूगल जोडा, पुढे आणखी काही आलं तर तेही जोडा.

वडगावचा

आणि एकाच माणसाची दोन खाती झाली ती एक कोण करणार? विणकराला 'अकाउंट लिंक करा' बटण दाखवून उपयोग नाही ओ.

उद्यमबाग_पीएचपी

काका, ती दुकानातून व्हावीत. तुमच्या अ‍ॅडमिन पानावर दोन खाती शेजारी दिसावीत, तुम्ही माणूस ओळखता, तुम्ही जोडा. कोणी कधी जोडलं याची नोंद राहावी. यासाठी मात्र पॅकेज नाही. हे ऑफिसलाच लिहावं लागेल, आणि ते लिहायला माझी हरकत नाही.