लग्नपत्रिका कमी खर्चात कशा कराव्यात? (मे महिना, कुडाळजवळचं गाव)

करवली_कुडाळ
माझ्या भावाचं लग्न मे महिन्यात आहे, गावी घरासमोरच मांडव. निम्मे पाहुणे मुंबई-ठाण्यात. बाबांची यादी ४०० नावांची आहे आणि प्रत्येकाला छापील पत्रिका गेलीच पाहिजे असं त्यांचं म्हणणं. दुकानात पाहिलेली पत्रिका ३० रुपयांची, म्हणजे १२,००० तिथेच. आमच्याकडे पत्रिका आणि वाटप मिळून ७,००० आहेत. बाबांचं मन न दुखवता कसं बसवायचं?

आगरातला
ताई, आधी यादी माणसांची नको, चुलींची करा. एका चुलीला एक पत्रिका. भाऊ-भाऊ एकाच घरात जेवत असतील तर पाकिटावर दोघांची नावं घाला, कुणाचा मान कमी होत नाही. इथेच मोठी बचत आहे, कागदाच्या घासाघिशीत नाही.

आता छपाई. दुकानात सांगतात तो भाव बऱ्याचदा कोऱ्या कार्डाचा असतो. मजकुराची छपाई वेगळी लागते, म्हणून ‘छपाई धरून किती?’ असंच विचारा. ऑफसेटला, म्हणजे छापखान्यातल्या प्लेटवरच्या छपाईला, प्लेट आणि मशीन लावण्याचा खर्च १०० पत्रिकांना आणि ३०० पत्रिकांना जवळपास तोच, त्यामुळे नंतर कमी पडल्या म्हणून ३० छापायला गेलात तर महाग पडतं. सुरुवातीलाच थोड्या जास्त घ्या. पन्नास-साठच हव्या असतील तर डिजिटल प्रिंट बरी. सोनेरी फॉइल, कापीव कडा, आतली वेगळी पानं हे सगळं सोडा. जाड कागदाचं एकच कार्ड, दोन्ही बाजूंनी छापलेलं आणि साधं पाकीट, एवढं छान दिसतं. मुंबईत कुणी असेल तर गिरगावात खाडिलकर रोडला पाठवा, तिथे पत्रिकांची दुकानं ओळीने आहेत, तुलना करता येते. पण दोन-तीनशे पत्रिकांसाठी मुद्दाम गावाहून जाऊ नका, प्रवासातच वाचलेले पैसे जातील.

मालवणी_माणूस
पयली पत्रिका रवळनाथाक, नारळ ठेवन् गाऱ्हाणा घालूचा. मगे कुलदेवतेक, मानकऱ्यांक आणि मामाक. ह्यांका छापील व्हयीच. वाडीत मात्र दोघांनी घरोघर जावन् हळदकुंकू लावन् अक्षता देवच्यो. आमच्याकडची म्हातारी माणसां त्याच आमंत्रणाक मान देतत, कार्ड कितक्या रुपयांचा ता कोण बघणा नाय.

करवली_कुडाळ
खूप आभार दोघांचेही. चुलीप्रमाणे लावली तर यादी २६० वर आली! बाबांनाही पटलं, कारण कुणाचं नाव गळलं नाही. मुंबईकरांना व्हॉट्सॲपवर पाठवलं तर चालेल का?

चाकरमानी_ठाणे
चालेल, पण पत्रिका तयार होईपर्यंत थांबू नका. मे महिन्यात कोकण रेल्वेचं तिकीट मिळणं किती कठीण ते आम्हालाच माहीत. आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. म्हणून मुहूर्त ठरला की आरक्षण उघडायच्या आधीच साधा संदेश टाका: तारीख, हळद कधी, लग्न किती वाजता, उतरायचं कुडाळला. पत्रिकेचं चित्र सावकाश पाठवा. ते पाठवल्यावर काका-मामांना बाबांनी स्वतः फोन करायला हवा. फोन आला की छापील पत्रिकेचा रुसवा राहत नाही, हे मी आमच्या भावकीत पाहिलंय.

पत्रिकेवर वाडीचं नाव आणि स्टेशनवरून रिक्षा किंवा एसटी कुठली, ते नीट लिहा. नुसता नकाशाचा क्यूआर कोड पुरत नाही, बऱ्याच वाड्यांत रेंजच नसते.

आगरातला
मजकुराचं एक राहिलं. फोनवर टाइप केलेला मराठी मजकूर छापखान्यातल्या श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये नेताना जोडाक्षरं आणि रफार तुटतात. म्हणून शेवटचं प्रूफ स्क्रीनवर नको, कागदावर मागा. वडीलधाऱ्यांपैकी एकाला आडनावं आणि गावांची नावं मोठ्याने वाचायला लावा, दुसऱ्याने मूळ यादी धरायची. ‘आमचे येथे श्री कृपेकरून’पासून मामांच्या नावापर्यंत सगळं. नावांची मोठी यादी घातली की कार्ड वाढतं, म्हणून निमंत्रक घरातलेच ठेवा.

वधूवरांची पूर्ण नावं आधार कार्डाप्रमाणेच छापा. विवाह नोंदणीच्या वेळी लग्नपत्रिका मागतात, नसेल तर प्रतिज्ञापत्र करावं लागतं. त्यासाठी पाच-सहा पत्रिका बाजूला काढून ठेवा.

करवली_कुडाळ
हे कुणीच सांगितलं नव्हतं. ठरलं मग: १७० छापील, त्यात देव, मानकरी, मामा, सोयरे आणि नोंदणीच्या सगळ्या आल्या. वाडीत अक्षता, बाकी फोन आणि व्हॉट्सॲप. एका रंगात, एक कार्ड आणि साधं पाकीट, छपाई धरून २२ रुपये सांगितलेत, म्हणजे ३,७४० झाले. उरलेल्यात वाटपाचं पेट्रोल भागेल. मुंबईकरांना तारखेचा संदेश आज रात्रीच टाकते.