मदत हवी आहे: दगडात कोरलेलं मराठी नावही 'पाटी' धरतात का?

बेळगावातल्या शहापूरच्या खडे बाजारात आमचं साड्यांचं दुकान आहे. २०२४ च्या कायदादुरुस्तीनंतर कर्नाटकात पाटीवर ६० टक्के कन्नड हवं, तेही वरच्या बाजूला. तशी पाटी आम्ही टेपने मोजून लावली, खाली मराठी आणि इंग्रजी. त्याबद्दल तक्रार नाही. निम्मी गिऱ्हाईकं कन्नड बोलणारी, गल्ल्यावर आम्हीही त्यांच्याशी कन्नडच बोलतो.

अडलंय ते वेगळंच. दारावरच्या दगडी पट्टीत आजोबांनी दुकानाचं नाव देवनागरीत कोरून घेतलंय. तपासणीला आलेल्या माणसाने तेही झाकायला सांगितलं. तोंडीच, लेखी नोटीस नाही. कार्यालयात दोनदा गेलो. एका टेबलावर म्हणाले, जुनं आहे, राहू दे. दुसऱ्यावर म्हणाले, परवान्याच्या नूतनीकरणाला अडचण येईल. मराठीतला अर्ज घेतला नाही. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमानुसार गाऱ्हाणं राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत मांडता येतं, हे सांगूनही नाही. आता कन्नडमध्ये लिहून घेतोय.

शेजारी म्हणतात, प्लास्टर मारून मोकळे व्हा. बाबांचं म्हणणं, मारायचं तर माझ्या माघारी मारा. मलाही ते अक्षर पुसायचं नाही. पण परवाना मार्चअखेर संपतोय, आणि मोर्चा किंवा बातमी नको आहे.

इमारतीतच कोरलेलं जुनं नाव कायद्याने नामफलकात मोजतात का? आपल्या भागात कुणाला याचं लेखी उत्तर मिळालंय का, आणि मिळालं असेल तर कोणत्या अधिकाऱ्याकडून?